भाडेकरूने दाद मागायची कुठे?

पुण्या-मुंबईत घर भाड्याने घेताना करार अकरा महिन्यांचाच का, असे एजंटला विचारा. उत्तर ठरलेले असते: 'वर्षाच्या आत असला की रजिस्ट्रेशनची भानगड नाही.' देशाच्या बऱ्याच भागांत हे उत्तर बरोबर आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, त्याहून कमी मुदतीच्या पट्ट्याला ती सक्ती नाही. महाराष्ट्रात मात्र हे उत्तर केव्हाच बाद झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने घर भाड्याने देण्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवून टाकले. मग मुदत अकरा महिन्यांची असो की एका महिन्याची.

याच कलमात पुढे जे लिहिले आहे ते फारच थोड्या भाडेकरूंना ठाऊक असते. करार नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नोंदलेलाच नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरायचे, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. कायद्याने सिद्ध करण्याचा भार इतक्या स्पष्टपणे मालकावर टाकल्याची उदाहरणे थोडी आहेत. तरीही आजही शेकडो घरे शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून दिली जातात आणि 'नोटराइज्ड आहे, चालतं' म्हणून भाडेकरू सही करतो.

'खर्च वाढतो' ही सबबही टिकत नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्स करारावर मुद्रांक शुल्काचा दर शेकडा पाव रुपया आहे. मासिक भाडे वीस हजार, परत मिळणारे डिपॉझिट एक लाख आणि मुदत अकरा महिने धरली, तर एकूण भाडे दोन लाख वीस हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने मिळवलेली रक्कम, आणि या बेरजेचा पाव टक्का. म्हणजे सहाशे रुपयांच्या आत-बाहेर. शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. घरबसल्या आधार आणि अंगठ्याच्या ठशावर नोंदणी होण्याची सोयही आहे. दर साठ महिन्यांपर्यंत तोच असल्यामुळे तीन वर्षांचा करार करायलाही कुणाची आडकाठी नाही. अकरा महिन्यांमुळे फायदा होतो तो दरवर्षी दहा टक्के वाढ मागणाऱ्याचा आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा दलाली घेणाऱ्याचा. मुलांची शाळा मध्यावर असताना घर बदलावे लागते ते भाडेकरूला.

कायद्यात संरक्षण आहे आणि व्यवहारात ते पोचत नाही, हे का झाले ते समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये भाड्यावर पहिला निर्बंध आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ चा कायदा आला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ चा प्रसिद्ध 'बॉम्बे रेंट ॲक्ट'. या कायद्याने भाडे साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले. गिरणगावातल्या चाळींतल्या लाखो कुटुंबांना या कायद्यानेच मुंबईत टिकवले, हे विसरून चालणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीतून उठून जायची वेळ आली नाही म्हणून तिथल्या पोरांची शिक्षणे झाली. पण चाळीस-पन्नास वर्षे भाडे तेच राहिले, तेव्हा इमारतींची डागडुजी थांबली, पावती फाडण्याच्या खर्चाइतकेही भाडे हाती पडेना, आणि टेबलाखालून चालणारी पागडी हाच खरा बाजारभाव झाला.

भाडेकरूचे हक्क चुकवण्यासाठी मालकांनी 'लायसन्स'ची वाट धरली. सरकारने ती १९७३ मध्ये बंद केली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो जो लायसन्सवर राहत होता, तो कायद्याने भाडेकरू झाला. राहणाऱ्यांना याने मोठा आधार मिळाला. मालकांच्या मनात मात्र त्या दिवशी जी धास्ती बसली ती दोन पिढ्या उतरली नाही. 'एकदा आत घेतला की निघत नाही' हे वाक्य आजही ज्या फ्लॅटमालकाच्या तोंडी असते, त्याचा जन्म बहुधा १९७३ नंतरचा असतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. ती सगळी या भीतीपोटी रिकामी होती असे म्हणता येणार नाही, पण कुलूप लावून ठेवलेल्या घरांत तिचा वाटा आहेच.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात भाडे असे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात मनमानी झाले आहे असे म्हटले आणि नव्या कायद्याची वाट मोकळी झाली. १९९९ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण ठेवले, मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडीला उघड मान्यता दिली. आणि लायसन्सवर राहणाऱ्यांना एका वेगळ्या रांगेत उभे केले.

आज महाराष्ट्रातल्या शहरांत नव्याने भाड्याने घर घेणारा जवळपास प्रत्येक जण याच रांगेत आहे. आयटीतला अभियंता, बदलीवर आलेला बँक कर्मचारी, नर्स, नवविवाहित जोडपे, सगळे. १८८२ च्या इझमेंट ॲक्टप्रमाणे लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची नुसती परवानगी. जागेत त्याचा कसलाही हक्क निर्माण होत नाही. मुदतीआधी, काही चूक नसताना बाहेर काढले तर नुकसानभरपाई मागता येते, सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो, एवढेच.

१९९९ च्या कायद्यातले कलम २४ पाहा. मुदत संपली की लायसन्सधारकाने जागा सोडलीच पाहिजे. नाही सोडली तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. यासाठी दिवाणी न्यायालयात जायची गरज नाही. शासनाने नेमलेला 'सक्षम प्राधिकारी' आहे, त्याच्याकडे मालकाने अर्ज करायचा. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन, आपल्याला बाजू मांडायची परवानगी द्या, अशी विनंती करावी लागते. परवानगी मिळाली तरच तो लढू शकतो. शिवाय लेखी करारात जे लिहिले आहे तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून एजंटने पुढे केलेला छापील मसुदा न वाचता सही करणे फार महागात पडते.

घर वेळेवर परत मिळण्याची खात्री मालकाला असलीच पाहिजे. ती नसेल तर घरे बाजारात येणार नाहीत, हे इतिहासाने दाखवलेच आहे. माझा आक्षेप दुसरा आहे. या झटपट न्यायाचे दार फक्त मालकाच्या बाजूने उघडते. त्याच करारावर सही केलेल्या दुसऱ्या माणसाची तक्रार असेल, डिपॉझिट परत दिले नाही, पाणी तोडले, मुदतीआधी कुलूप बदलले, तर त्याच्यासाठी या कार्यालयात खिडकी नाही. त्याने वकील गाठायचा आणि दिवाणी दावा लावायचा. साठ हजारांच्या डिपॉझिटसाठी चार-पाच वर्षे तारखा कोण घेईल?

म्हणून आपल्याकडे भाडेकरू लुबाडला जातो तो मुख्यतः शेवटच्या दिवशी. सामान टेम्पोत चढलेले असते, नव्या घराचे डिपॉझिट आधीच भरलेले असते, आणि मालक किंवा त्याचा एजंट रिकाम्या खोल्यांतून फिरू लागतो. या भिंतीला चार खिळे. किचन ओट्याच्या टाइल्सवर तेलाचे डाग. बाथरूमचा नळ गळतोय. रंगाचे एका भाड्याइतके, साफसफाईचे तीन हजार, नळाचे आठशे. रंग पाच वर्षांपूर्वीचा होता, नळ राहायला आले तेव्हाही गळत होता, पण त्या दिवशी ते लिहून कुणी ठेवले होते? उरलेले पैसे 'पुढचा भाडेकरू आला की देतो'. भाडेकरू वाद घालतो, मग घड्याळ बघतो आणि मिळेल ते घेऊन निघतो. नव्या घराची सोसायटी संध्याकाळी सहानंतर लिफ्टमधून सामान नेऊ देणार नसते.

यावर तोडगा काढायला नवे डोके लढवायला नको. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा राज्यांनी आपापल्या विधिमंडळात आणावा म्हणून पाठवला गेला. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घ्यायचे नाही, आणि घराचा ताबा परत घेतल्याच दिवशी, वाजवी वजावट करून, ते परत करायचे असे स्पष्ट लिहिले आहे. दहा-दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागण्यासाठी वर्षानुवर्षे बदनाम असलेल्या बंगळुरूच्या भाडेकरूला विचारा, या एका वाक्याची किंमत काय. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यात लायसन्सच्या डिपॉझिटला अशी कोणतीही मर्यादा नाही.

मर्यादा घातली तरी पैसे मालकाच्याच खात्यात राहतात, ही अडचण उरते. इंग्लंडने ती वेगळ्या रीतीने सोडवली. शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या पालकांना हे माहीत असेल: तिथे एप्रिल २००७ पासून डिपॉझिट मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवावे लागते, आता त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे, आणि मालकाने ते केले नाही तर न्यायालय डिपॉझिटच्या एकपट ते तिप्पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावते. वजावटीवर वाद झाला तर त्या योजनेतला लवाद कागद आणि फोटो पाहून निकाल देतो, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. २०१९ पासून बहुतेक घरांसाठी डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. महाराष्ट्रात नोंदणी आधीच ऑनलाइन आहे. करार नोंदवतानाच घराचे फोटो, वस्तूंची यादी आणि मीटरचे आकडे जोडण्याची सक्ती केली तर निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत. यासाठी कायदाही बदलावा लागू नये. नमुना कराराला एक परिशिष्ट पुरेल.

दुरुस्तीचा प्रश्न पावसाळ्यात कळतो. जुलैमध्ये बेडरूमच्या भिंतीला ओल येते, कपाटामागे बुरशी धरते, लहान मुलाचा खोकला जात नाही. भाडेकरू मालकाला फोन करतो. मालक म्हणतो, बाहेरची भिंत सोसायटीची. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, आम्ही फक्त सभासदाची तक्रार घेतो, तुम्ही सभासद नाही. ओल तिथेच राहते आणि ऑक्टोबरात आपोआप वाळते. १९९९ च्या कायद्याचे कलम १४ सांगते की घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम आहे. त्याने दुर्लक्ष केले तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण हे कलम, तसेच पाणी-वीज तोडण्यास मनाई करणारे कलम २९, 'भाडेकरू'साठी लिहिले आहे. लायसन्सधारकाची व्याख्या कायद्यात वेगळी आहे. ज्याला सर्वाधिक गरज, तोच नेमका कलमाच्या शब्दांबाहेर राहतो. ही फट बुजवायला दोन्ही कलमांत एक-एक शब्द वाढवला तरी चालेल.

आदर्श कायद्यातली दुरुस्तीची यादी मला फार आवडते, कारण ती लिहिणाऱ्याने घर पाहिलेले आहे. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींना रंग, पाइप बदलणे, वायरिंग ही कामे मालकाची. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, गीझर, स्विच-सॉकेट, दाराचे कुलूप, खिडकीची काच ही कामे राहणाऱ्याची. रंग मालकाकडे आहे, हे वाचून पुण्यातले किती भाडेकरू आपापले जुने हिशेब आठवतील! मालकाने आपली कामे केली नाहीत तर भाडेकरूने करून घ्यावीत, आणि कोणत्याही एका महिन्यात भाड्याच्या निम्म्याहून जास्त वजावट करू नये, अशीही तरतूद आहे. घरात येण्याआधी मालकाने किमान चोवीस तास आधी कळवायचे. आपल्या कायद्यात याबाबत 'वाजवी वेळी, पूर्वसूचना देऊन' एवढेच आहे. एकट्या राहणाऱ्या मुलीच्या दाराला रात्री साडेनऊला मालक स्वतःची किल्ली लावतो, तेव्हा 'वाजवी' या शब्दाचा तिला उपयोग नसतो, तासांच्या आकड्याचा असतो.

घरमालकाशी पटले तरी दुसरी सत्ता असते ती हाउसिंग सोसायटीच्या कमिटीची. कमिटीची एनओसी, मुलाखत, 'फक्त फॅमिली', स्थलांतराचे पैसे, पाहुणे किती वाजेपर्यंत. उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचे असते, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती द्यायची असते. कमिटीची परवानगी त्याला लागत नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस किती लावायचे यावरही १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने बंधन आहे: सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सोसायट्यांनी आव्हान दिले, उच्च न्यायालयाने निर्णय कायम ठेवला. तरीही नोटीस बोर्डावर 'बॅचलरना फ्लॅट देऊ नये' अशी सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत लावलेली दिसते आणि मालक मुकाट्याने ऐकतो, कारण त्याला तिथेच राहायचे किंवा विकायचे असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा बघताना 'महाराष्ट्रीय माणसांना देत नाही' असे सांगितले गेले आणि राज्यभर संताप उसळला. तो रास्त होता. पण हाच अनुभव मुसलमान कुटुंबांना, दलित कुटुंबांना, एकट्या स्त्रियांना, मांसाहार करणाऱ्यांना याच शहरांत वर्षानुवर्षे येतो आहे आणि त्यावर तसा संताप उसळत नाही. राज्यघटनेचे कलम १५ मुख्यतः राज्यसंस्थेला बांधते, फ्लॅटमालकाला नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून घर नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण 'आत्ताच गेला हो फ्लॅट' या उत्तरामागचे कारण सिद्ध कोण करणार? धर्म, भाषा, आहार, लग्न झाले की नाही यावरून भाड्याचे घर नाकारण्याला गुन्हा ठरवणारे स्पष्ट कलम नाही. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकाच समाजापुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. आदर्श कायदाही या बाबतीत गप्प आहे, आणि त्याची ही सर्वांत मोठी उणीव मला वाटते. मुदतीनंतर राहणाऱ्याला त्याने मात्र सोडलेले नाही: पहिले दोन महिने दुप्पट भाडे, त्यानंतर चौपट. तो कायदा जसाच्या तसा उचलला तर भाडेकरूच्या वाट्याला डिपॉझिटची मर्यादा येईल, आणि हा दंडही येईल.

आणि ज्यांच्यापर्यंत करारच पोचत नाही त्यांचे काय? सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलीत चार कॉट, प्रत्येकाचे वेगळे भाडे, कागद क्वचितच. पावती मागितली तर 'दुसरी खोली बघ'. कायद्याने घेतलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे बंधनकारक आहे, पण सोलापूर-लातूरहून आलेला वीस वर्षांचा मुलगा परीक्षेला दोन महिने उरले असताना हे भांडण मांडत नाही.

आदर्श कायद्यात उपजिल्हाधिकारी दर्जाचा भाडे प्राधिकारी, त्यावर भाडे न्यायालय आणि त्यावर न्यायाधिकरण अशी तीन मजली रचना आहे. महसूल खात्याच्या कामाच्या ढिगाऱ्यात आणखी एक टेबल, अशी तिची गत होण्याची भीती आहे. महाराष्ट्राला तेवढी वाट बघायची गरज नाही. सक्षम प्राधिकाऱ्याची कार्यालये आधीच आहेत, अर्जांचे नमुने आहेत, सुनावणीची रीत बसलेली आहे. १९९९ च्या कायद्यात एक पोटकलम घालून लायसन्सधारकालाही तिथे अर्ज करता यावा: डिपॉझिट परत न मिळाल्याबद्दल, पाणी-वीज तोडल्याबद्दल, मुदतीआधी बाहेर काढल्याबद्दल, सोसायटीने बेकायदा आकार घेतल्याबद्दल. पाणी-वीज तोडल्याच्या अर्जावर पहिल्याच तारखेला अंतरिम आदेश निघावा. डिपॉझिटसाठी कागद, फोटो आणि बँकेच्या नोंदी पाहून तीस दिवसांत निर्णय व्हावा, आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मालकाने द्यावे. कॉट बेसिसवाल्या मुलाला ऑनलाइन भाडे भरल्याचा स्क्रीनशॉट हाच पुरावा म्हणून चालावा. कलम ५५ ने अटींबाबत त्याचे म्हणणे आधी खरे धरायला सांगितलेलेच आहे, ते म्हणणे कुठे मांडायचे तेवढे ठरवायचे राहिले आहे.